दिवेलागणीची कानडी

बसप्पा : …तेच सांगायलोय बाई, टीव्हीचा डबा बिघडलेला न्हाई. चांगला चालतोय. म्हणून तर बंद करा म्हणतोय.

उज्ज्वला : सर, मी उज्ज्वला, कंपनीतर्फे आपली विनंती नोंदवून घेते. चालू असलेली डिश बंद करण्याचं कारण सांगाल का?

बसप्पा : सर कावून म्हणता? लिंबागणेशात किराणा दुकान हाय माझं. लहानथोर आप्पाच म्हणत्यात. कारण काय… रोज दिवेलागणीला ते आपलं आपण कानडी बोलायला लागतंय.

उज्ज्वला : कानडी?

बसप्पा : मी बातम्या लावून बसतो. देवापुढं दिवा लावायची येळ झाली की खाली एक पट्टी येती अन् चॅनल बदलतंय. रिमोट खुंटीवरच्या पिशवीत. कुणी हात लावलेला न्हाई.

उज्ज्वला : आठवण लावून ठेवली असेल, आप्पा. ठरलेल्या वेळेला आवडीचं चॅनल आपोआप लागतं. घरात कुणी कानडी बघतं का?

बसप्पा : बघत हुती. आमच्या घरची. माहेर भालकीकडलं. माझ्याशी मराठी, पण तव्याशी, मांजराशी, देवाशी कानडी. पोळ्याच्या सुमाराला लिंगैक्य झाली.

उज्ज्वला : म्हणजे…

बसप्पा : वारली.

उज्ज्वला : वाईट झालं, आप्पा. ती आठवण काढून टाकता येते. सांगू कशी?

बसप्पा : शेजारच्या सुनितानं काढली. दुसऱ्या दिशी पुन्हा आली.

उज्ज्वला : एकेक वार निवडून लावता येते. त्यांनी सगळ्याच वारांना लावली असेल.

बसप्पा : बसून, एकेक वार घेऊन?

उज्ज्वला : तसंच असेल.

बसप्पा : मग म्या सुनिताकडून आवाजच बंद करून घेतला. ते तर लईच वाईट. बाया नुसती तोंडं हलवत्यात. माझ्याकडं बघून. आता दिवेलागणीला मी घरात थांबत न्हाई बाई. दुकान उघडं टाकून देवळाच्या पायरीवर जाऊन बसतो. गिऱ्हाईक हाका मारून परत जातंय. आज तुमचा फोन लागला म्हणून घरात हाय.

उज्ज्वला : आप्पा, एक विचारू? नुसती वायर काढून ठेवली तर?

बसप्पा : वायर मी काढू? ती बोलत असताना? न्हाई. माझा हात न्हाई उठत. तुमी तिकडून बंद करा.

उज्ज्वला : तुमची डिश मुदतीच्या योजनेत आहे. मुदत संपेपर्यंत आम्हाला इकडून बंद करता येत नाही.

बसप्पा : ही मुदत कुठून उगवली? जोडायला आलेलं पोरगं काई बोललं न्हाई. गोड बोलून जोडायचं अन् अटी मागनं काढायच्या. मीबी दुकानदार हाय, बाई. मापात कधी खोट केली न्हाई.

उज्ज्वला : एक सवलत आहे. डिश ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर लगेच बंद होते. नाव बघते हं… बसप्पा—

बसप्पा : तो मी. मी हाय. ती गेली.

उज्ज्वला : मग अवघड आहे. पण अट लपवलेली नाही, आप्पा. जोडणीच्या आधी फोनवर सगळं सांगून होकार घेतात. त्याचं रेकॉर्डिंग असतं.

बसप्पा : माझा होकार? मी कुणाशी बोललोच न्हाई. ऐकवा.

उज्ज्वला : त्यात फक्त तुमच्या बाजूचा आवाज येतो. आमच्या माणसाचा नाही येत. लावू?

बसप्पा : लावा. बघू तरी कोण हाय.

(रेकॉर्डिंग सुरू होतं. दोन बोलण्यांमधल्या जागा कोऱ्या.)

दानम्मा : हाव, बोल बाळा. दानम्मा बोलते.

बसप्पा : …बाई. हे काय लावलं तुमी.

दानम्मा : ऐकू येतंय की. बोल तू.

उज्ज्वला : आप्पा, थांबवू का?

बसप्पा : गप बसा.

दानम्मा : कानडी लागतंय ना त्यात? तेवढं येऊ दे. बाकीचं दे न दे.

बसप्पा : कशाला गं?

दानम्मा : एकटी न्हाई रे, मालक हायेत की. त्यांना कानडीतलं ओ का ठो कळत न्हाई. पण मी आत कानडी बोलले की लगीच दुकानातून डोकावत्यात. वाटतंय, शिव्या दिल्या का काय.

बसप्पा : दिल्याच आसतील.

दानम्मा : लांबातली लांब मुदत कोणती हाय? तीच लाव… मधी बंद करता येत न्हाई? मग लई चांगलं. त्यांचं काय, एका झटक्यात सगळं आवरून अंधारात बसतील. न्हाई करता आलं तर बरं.

उज्ज्वला : आप्पा, म्हणजे ही अट त्यांनीच—

बसप्पा : ऐकू द्या हो.

दानम्मा : अन् माणूस गेलं तर?… लगीच बंद? मग माझं नाव नको लावू. त्यांचं लाव. बसप्पा.

बसप्पा : तुला ठाऊक हुतं?

दानम्मा : हाव. डॉक्टरनं सांगितलंय. घरात न्हाई बोलले अजून.

बसप्पा : अगं…

दानम्मा : आले, आले. हाका मारायलेत बघ, च्याची येळ झाली. ठेवते बाळा. शरणार्थ.

(रेकॉर्डिंग संपतं.)

उज्ज्वला : आप्पा? आहात ना?

बसप्पा : शेवटाला मागं कोण वरडत हुतं?

उज्ज्वला : पुरुषाचा आवाज होता. चहा मागत होता.

बसप्पा : मीच तो. किती ताठ आवाज.

उज्ज्वला : आप्पा, मी वरिष्ठांशी बोलते. खास बाब म्हणून कधीकधी मुदतीआधी बंद करून देतात. माझ्याकडून मी पूर्ण प्रयत्न करीन.

बसप्पा : अंधारून आलं इकडं.

उज्ज्वला : उद्या सकाळी फोन करू का मी?

बसप्पा : थांबा. पट्टी आली खाली… बदललं. आली ती बाई. बोलायली.

उज्ज्वला : आप्पा, मग बंद करायची विनंती टाकू ना पुढं?

बसप्पा : ऱ्हाऊ द्या ते. सुनिता रानातून आली न्हाई अजून, अन् रिमोट माझ्या हातात हाय. बंद केलेला आवाज कोणत्या बटनानं परत येतो, तेवढं सांगा.