चावी बांधावर ठेवायची नाही

तासगावातनं आलेल्या, आटपाडीवरनं एस्टी बदलत आलेल्या, आणि पहाटेच कोरेगावातनं निघालेल्या आमच्या सुभेदारांना, सगळ्यांना माझा नमस्कार.

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. खुर्च्या आहेत. का मागंच बरं वाटतंय? मग राहू द्या. आण्णांच्या शेडात कुणी कुठं बसायचं हे दुसऱ्यानं सांगायचं नसतं. माहीत असून तोंडातनं गेलं.

मला बोलायला जड जातंय. मी लिहिणारा माणूस. लिहिताना खोडता येतं, इथं बोललेलं खोडता येत नाही. आणि हे शेड. एरवी ह्या जाळ्यांवर बेदाणा वाळत असायचा आणि खाली दोन खुर्च्या टाकून दोन म्हातारे भांडत असायचे. आज जाळ्या मोकळ्या आहेत. दोघांतला एकच म्हातारा आलाय.

आपले भूपाल आण्णा गेल्या आठवड्यात गेले. तुम्ही त्यांना द्राक्षवाले म्हणून ओळखता. कुणी चळवळीतले म्हणून ओळखता. मी त्यांना भांडणारे म्हणून ओळखतो. लहानपणापासनं मी त्यांच्या शेजारच्या घरात. मी कॉलेज करून सांगलीत राहायला लागलो, कथा लिहायला लागलो, तेव्हापासनं आण्णांनी माझं नाव घ्यायचं बंद केलं. "या लेखक." बास. एकदा माझी कथा वाचली त्यांनी. म्हणाले, "समजली न्हाई. पण कुणी तुला असं लिही म्हणून सांगितलेलं दिसत न्हाई. बरं हाय."

मंडळी, आण्णांनी मला सांगून ठेवलं होतं, "माझ्या मागं सभा घेतलीच, तर स्तुती नगं. वाद घाला." म्हणून मी आज त्यांचा वादच सांगणार आहे.

आण्णा आणि सुभेदार. एक तासगावचे, एक कोरेगावचे. एक बाग बघणारा, एक फौजेतनं पेन्शनीत आलेला. दोघं भेटले शेतकऱ्यांच्या आंदोलनात, एकाच पोलीस गाडीत. दोघांचं मागणं एकच, आमचा माल आम्हाला मोकळा विकू द्या, सरकारनं मधी हात घालू नये. दोघांचं जवळजवळ सगळ्यावर एकमत होतं, आणि म्हणूनच राहिलेल्या एका मुद्द्यावरचं भांडण लय कडक होतं.

मुद्दा काय? सुभेदार म्हणायचे, सरकार असावं, पण लहान असावं. राखण करावी, न्याय द्यावा, बाकी गप बसावं, आणि घटनेनं त्याला बांधून ठेवावं. आण्णा म्हणायचे, नकोच. लहान नको, मोठं नको. सरकारच नको.

सुभेदार एस्टीनं यायचे. आले की आण्णांची सुरुवात ठरलेली.

"सरकारी एस्टीनं आलासा. आता सरकारावर बोलू नगा."

"तिकीट काढून आलोय."

"आन् पेन्शन?"

"ती माझ्या गुडघ्याची हाय. गुडघा तिकडं वर बर्फात ठेवून आलोय."

मग चहा. मग खरं भांडण. एक संवाद माझ्या डोक्यात तसाच बसलाय. सुभेदार म्हणाले, "आण्णा, सरकार म्हंजे बैल हाय. त्याला खुंट्याला बांधायचा, दावं आखूड ठेवायचं. घटना म्हंजे ते दावं."

आण्णा म्हणाले, "दावं चावून तोडतंय ते. आजवर कवा एका जागी ऱ्हायलंय? आन् खुंटा कोण रोवणार? बैलच?"

"आवं, पण बैल न्हाई म्हनून गोठा मोकळा ऱ्हात न्हाई. गावातला दुसरा दांडगा येऊन बसतो तिथं. त्याला तर दावंच नसतं."

"तो आला तर आमी सगळी मिळून हाकलू."

"सगळी मिळून हाकलायला लागलासा, की झालं सरकार."

ह्याच्यावर आण्णा हसले. हसले, पण हरले नाहीत. त्यांचं उत्तर तयार होतं. ते म्हणायचे, दोघांचं भांडण तिसऱ्यानं मिटवावं, पण तो तिसरा दोघांनी मिळून निवडलेला पाहिजे. वरनं लादलेला नको. आणि सुभेदार दर वेळेला तेच विचारायचे, "आन् एकानं तो तिसरा मानलाच न्हाई तर?"

त्या दोघांचा तिसरा मी होतो. खरंच. मी एकदा विचारलं, मलाच का? आण्णा म्हणाले, "तू आमा दोघांना सारखाच बिनकामाचा हायस." मग मी मधल्या पोत्यावर बसायचो. निकाल मात्र कधी दिला नाही. दोघं दर खेपेला विचारायचे, "बोल लेखक, कोण जिंकलं?" मी म्हणायचो, चहा थंड होतोय.

आता विहिरीचं सांगतो. बाहेरून आलेल्यांसाठी.

आण्णांच्या वाडीवर एक सामाईक विहीर आहे. बऱ्याच घरांची मिळून. मोटर एक, पाइप एक, आणि पाण्याची पाळी. सोसायटी नाही, शिक्का नाही, अध्यक्ष नाही. आहे ती एक लोखंडी चावी, व्हॉल्व्ह फिरवायची, हातभर लांब. ज्याची पाळी संपली त्यानं ती चावी पुढच्याच्या रानात घेऊन जायची आणि त्याच्या हातात द्यायची. बांधावर ठेवायची नाही. पोराकडनं धाडायची नाही. हातात. भांडण असू दे, बोलणं बंद असू दे, कोर्टात केस असू दे. समोर जायचं, तोंड बघायचं, चावी द्यायची. असं का, तर आण्णा म्हणायचे, "ज्याच्या हातात हात लागतो, त्याचं पाणी चोरायला माणूस जरा लाजतो."

ही विहीर म्हणजे आण्णांचा पुरावा होता. कुणीही आलं की विहिरीवर न्यायचे. "दाखवा बघू सरकार. दिसतंय का कुठं?"

आणि मग दिलीपमामांचं झालं.

मामा, तुम्ही मागं दारापाशी आहात, मला दिसताय. तुमचं नाव घेतोय. राग येईल. आला तर येऊ द्या. पण आण्णांचं बोलायचं आणि हे गाळायचं, हे मला जमणार नाही.

आण्णांच्या पाळीनंतर दिलीपमामांची पाळी. छाटणी झालेली, बागेला पाण्याची गरज. मामांच्या पाळीत लाइट गेली, ती पाळी संपेपर्यंत आलीच नाही. आली तेव्हा मामांनी व्हॉल्व्ह सोडला आणि पुढच्याच्या वेळेतलं पाणी आपल्या बागेला घेतलं. बोंब झाली. आण्णांनी रीतीप्रमाणं तिसरा माणूस नेमला. मामांनी मानला नाही. सुभेदारांचा प्रश्न असा एक दिवस चालत विहिरीवर आला.

मग सगळ्यांनी बसून ठरवलं, दिलीपला वगळायचं. चावी त्याच्या रानावरनं पुढं न्यायची. फवारणीला ट्रॅक्टर द्यायचा नाही, छाटणीला माणसं पाठवायची नाहीत. आणि मामांच्या रानावरनं चावी पुढं कोण नेणार? आण्णाच. मामांच्या आधीची पाळी त्यांचीच होती ना. आण्णा चावी खांद्यावर टाकून मामांच्या बांधावरनं सरळ पुढं चालत गेले. मामा टँकरनं बाग जगवत होते.

पुढच्या खेपेला सुभेदार आले तेव्हा आण्णा खुशीत होते. "बघा. पोलीस न्हाई, वकील न्हाई, तारीख न्हाई. आमचं आमी मिटवलं."

सुभेदारांनी चहा खाली ठेवला. हे मी बघितलंय. चहा अर्धा टाकणारा माणूस नाही तो. म्हणाले, "आण्णा, तुमी त्याला वाळीत टाकलं."

"वाळीत न्हाई. आमी फक्त त्याच्याशी व्यवहार करत न्हाई. कुणाशी व्यवहार करायचा ह्याचं आमाला स्वातंत्र्य हाय का न्हाई?"

"सगळ्यांनी मिळून एकाशी न्हाई करायचा, ह्याला आमच्याकडं वाळीत टाकणं म्हंत्यात. कायद्यानं बंदी हाय त्याला. आन् का हाय, ते ह्या मुलखात कुणाला सांगायला नगो. तुमी सरकार घालवलं न्हाई, आण्णा. तुमी सरकारच केलं. नुसतं त्याला दावं न्हाई." मग म्हणाले, "माझं सरकार वाईट असंल. पण शिक्षा द्यायच्या आधी त्याला विचारावं लागतं, बाबा, तुझं म्हननं काय. तुमी दिलीपला विचारलं का?"

नव्हतं विचारलं. कुणीच नाही. लाइट गेली होती, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. आणि नेमलेला तिसरा हा ज्याचं पाणी गेलं त्याचाच साडू होता, हेही माहीत होतं. पण तो साधा माणूस, आण्णांनी नेमलेला, म्हणून कुणाला खटकलं नाही. आण्णांनाही नाही.

त्या दिवशी वाद तिथंच थांबला. दोघांनी मला निकाल विचारला नाही.

पुढच्या पाळीला आण्णा चावी घेऊन निघाले ते मामांच्या रानात शिरले. कुणाला विचारलं नाही, बैठक नाही. मामा वेलीचे फुटवे काढत होते.

"दिलीप, घे रं."

"ठेवा बांधावर."

"बांधावर ठेवायची न्हाई. हातात घे."

"मग न्या म्होरं. वाट ठाव हाय तुमाला."

वाट ठाव हाय तुमाला. आण्णांनी हे वाक्य मला कितीदा सांगितलं असेल.

त्यानंतर दर पाळीला आण्णा गेले. ट्रॅक्टर, माणसं, सगळं परत सुरू करायला लावलं. मामांनी ते घेतलं नाही. चावी तर नाहीच. आण्णा जायचे, उभे राहायचे, मामा काम करत राहायचे. मग आण्णा पुढं जायचे. मामा, तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. ज्याच्या बांधावरनं चावी गेली त्यालाच ते कळणार.

मिरजेला दवाखान्यात मी एकदा विचारलं, आण्णा, मत बदललं का? वैतागले. "मत कशाला बदलू? सरकार नगोच. पण मी एक इसरलो. मोकळं म्हंजे बाहेर जायची वाट पायजे. एवढंच म्हनत आलो आयुष्यभर. बाहेर गेलेल्याला परत यायची पन वाट पायजे. ती आमी ठेवलीच न्हवती." मग म्हणाले, "हे सुभेदाराला सांगू नगो. लय खूश होईल."

सुभेदार, सांगितलं. माफ करा आण्णा.

आता एक करार आहे तो सांगतो. दोघांनी ह्याच शेडात ठरवलं होतं, जो आधी जाईल त्याची बाजू दुसऱ्यानं मांडायची. सभेत उभं राहून, मनापासनं, चेष्टा न करता. म्हणून थोड्या वेळानं आमचे सुभेदार, ज्यांनी उभं आयुष्य वर्दीत काढलं, ते तुमच्यापुढं सरकार नकोच ह्या बाजूनं बोलणार आहेत. सकाळी स्टँडवर मला म्हणाले, "तयारी केलीया रं. पर एक भ्या वाटतंय." मी म्हटलं, कसलं? म्हणाले, "बोलता बोलता पटलं तर?"

आणि माझा निकाल? तिसरा म्हणून माझ्यावर आहेच तो. मंडळी, मला एवढंच दिसतं. आण्णांची विहीर आण्णांवर चालत होती, आणि हे आण्णांना आवडलं नसतं. सुभेदारांचं दावं कागदावर आहे, आणि ते धरून ठेवायला माणसंच लागतात, हे सुभेदारांना माहीत आहे. दोघं शेवटी एकाच जागी येऊन थांबले होते, दिलीपमामांच्या बांधावर. मी तिथंच थांबतो. ह्याला निकाल म्हणायचं असेल तर म्हणा.

आण्णांच्या घरच्या, आपल्या सुशीलाकाकू इथं बसल्यात. त्यांच्या मांडीवर ती चावी आहे. आण्णा दवाखान्यात असताना आलेली त्यांची पाळी काकूंनीच केली, आणि पाळी संपल्यावर चावी पुढं गेली नाही. सगळ्यांची पाळी थांबलीय. कुणी काकूंना काही म्हणालं नाही, ह्याबद्दल वाडीला माझा दंडवत. काकू म्हणतात, "ह्यांच्या हातनं त्यानं घेतली न्हाई, आता मी देणार. पुढचा दिलीपच हाय."

मामा, ह्यात जबरदस्ती नाही. माणसं बघताहेत म्हणून घेऊ नका. घेतली नाही तर काकू ती पुढं नेतील आणि पुढच्या खेपेला परत तुमच्याकडं येतील. एवढंच.

मामा उठलेत. अडवू नका कुणी. दार तिकडं आहे, वाट द्या. बाहेर जायची वाट मोकळी ठेवा.

...

बरं.

काकू, जड आहे ती. दोन्ही हातानं द्या.

पुढच्यांना ऐकू आलं, मागं गेलं नसेल, म्हणून सांगतो. दिलीपमामा म्हणाले, "आण्णासाठी घेतोय. तुमा कुणासाठी न्हाई." चालेल मामा. पाणी तेच आहे.

आता आपण सगळे उभे राहूया. सभेत दोन मिनिटं म्हणायची रीत आहे. आण्णा दर वेळेला विचारायचे, दोन मिनिटं कुणी ठरवली? म्हणून आज घड्याळ नाही. कुणी "बसा" म्हणणार नाही. ज्याला जेवढं उभं राहावंसं वाटतं, तेवढं त्यानं राहावं. ज्याची पाळी आहे, त्यानं गुपचूप विहिरीकडं जावं.

आण्णा, जय जिनेंद्र.