हाताला न लागलेली चीर

पुंडलिक : आन ह्यो नवा ब्रॅकेट बघा मॅडम, ह्या कोपऱ्यात केसाएवढी चीर हाय. मागच्यासारखी भरून घेऊ?

भाविका : मागच्यासारखी म्हणजे?

पुंडलिक : लष्कराच्या हेलिकॉप्टरला दिवा टांगायचा ब्रॅकेट गेला ना आपला गेल्या महिन्यात, त्याला. चिरेत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, वर रंग. तुम्हीच हात फिरवलात आन म्हणालात, काका, लोण्यासारखं झालंय.

भाविका : आणि मी सही केली. काका, सांगायचं नाही मला?

पुंडलिक : त्यात काय सांगायचं? पेणला गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली मी. सोंडेला चीर गेली म्हणून मालकाला कोण हाक मारतो? हात चांगला म्हणूनच रोह्याला ह्या कारखान्यात बोलावलंत ना?

भाविका : अहो, गणपती मखरात बसतो! ह्याच्यावर पंचेचाळीस किलोचा दिवा लटकणार, भर वाऱ्यात, थरथरत. चीर कुठं होती?

पुंडलिक : हितंच. ह्याच कोपऱ्यात.

भाविका : नीट आठवा.

पुंडलिक : बोटाला जागा याद ऱ्हाते. मला वाटलं, जागाच नाजूक असंल.

भाविका : नाजूकच आहे. लष्करवाले वजन कमी करा म्हणाले, म्हणून तो कोपरा मीच पातळ केला. कागदावरच्या हिशेबात टिकत होता हो.

पुंडलिक : म्हंजे माझी चूक नाय?

भाविका : चीर माझ्यामुळं पडली. झाकलीत तुम्ही.

पुंडलिक : टिचकी मारली व्हती मी, सहज. बाकीचे ब्रॅकेट खणखणीत वाजले. त्यो बद्द वाजला, फुटक्या मडक्यावानी.

भाविका : आणि तरी रंग मारलात?

पुंडलिक : देवाला कोण टिचकी मारतंय, मॅडम? त्या आवाजाचा अर्थ मला काय ठावं?

भाविका : किती वाजले?

पुंडलिक : चारला पाच कमी.

भाविका : चारला त्याच हेलिकॉप्टरची चाचणी आहे. तिघं बसणार आहेत त्यात. लष्कराचा तपासणीवाला साहिल तिथंच असेल धावपट्टीवर. उचल रे, उचल फोन...

(ती फोन स्पीकरवर टाकते.)

साहिल : बोला मॅडम! फिनिशिंग बघून आमचे साहेब जाम खूश. रंगारी कोण तुमचा?

भाविका : साहिल, उड्डाण थांबवा. ब्रॅकेटला तडा आहे.

साहिल : छे, सकाळी मी स्वतः बघितला. हात फिरवून.

भाविका : रंगाखाली आहे तो! थांबवा!

साहिल : अहो, ते लवकरच निघाले आज. हे काय, डोक्यावरच आहेत.

भाविका : मग रेडिओवर सांगा, लगेच उतरा म्हणावं.

साहिल : पळतो. फोन इथंच ठेवतो.

भाविका : फोनमधून ऐकू येतंय ना काका? नीट चाललाय हेलिकॉप्टरचा पंखा. उतरतील ते. उतरतील ना?

पुंडलिक : गप ऱ्हा जरा.

भाविका : काय झालं?

पुंडलिक : आवाज बद्द झाला गो, बाय.