पाऊण तासाची रांग

कुवेतमधल्या शुवैखच्या गॅरेजात मी गाडी तयार होण्याची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोन मराठी बायका बोलत होत्या.

"ज्ञानदा, पॅरिसच्या त्या पार्कात गर्दी असेल ना?"

"मरणाची, ताहिरा. पण प्रत्येक राइडपाशी पाटी असते, किती वेळ लागेल त्याची. आणि सासऱ्यांसाठी आम्ही चाकाची खुर्ची घेतली होती. खुर्चीवाल्यांना वेगळं दार, त्यांच्याबरोबर आम्हीही थेट आत."

"मजाच की!"

"होती. मग आलोक म्हणाला, 'बाबांना आणलं ते बरं झालं, नाहीतर रांगेतच दिवस गेला असता.'"

"तुझा नवरा पण ना! त्यांच्यासमोर?"

"समोरच. बोटीच्या राइडपाशी आलो, तर बाबा खुर्चीतून उठले आणि काठी टेकत साध्या रांगेत जाऊन उभे राहिले."

"या अल्लाह! तसले गुडघे घेऊन?"

"पाटीवर पाऊण तास होता. मग आम्हीही त्यांच्या मागे उभे राहिलो. थोड्या वेळाने आलोकने खुर्ची आणली, म्हणाला, 'चुकलं, बाबा.' तेव्हा बसले."

"बोलले काही?"

"त्याच्याशी नाही. आमच्या लेकीने, शर्वरीने, इंग्रजीत विचारलं, आजी कशी होती? सासूबाई गेल्यापासून बाबांनी घरात त्यांचं नावही काढलं नव्हतं. तिथे जे बोलायला लागले, ते थांबेचनात."

"आणि बोट?"

"आली ना. तर आलोकला म्हणाले, 'मागच्यांना जाऊ दे रे पुढे. माझं अजून सांगून झालं नाही.'"