लिपणवालीचं दार

"हॅलो? … हाव, ललिताच बोलून राह्यली. बोल जगदेव… मोठ्यानं बोल बाप्पा, बाजूले गिरणी चालू हाय."

कामरगावच्या आपल्या ओट्यावर ललिता तूर पाखडत बसली होती. धाकटा भाऊ आसेगावच्या वावरातून बोलत होता.

"उधई? वाळवी लागली, बाबाच्या आंब्याले? … खोडावर माती दिसली?"

माघात बाबा गेले, तवा त्याच आंब्याच्या बुडाशी त्यांची राख टाकली होती. तवापासून जगदेव त्या झाडाले जिवापाड जपे.

"मंग? … सिमेंटनं ढोली बुजवली? बरं केलं लेका. … आत्ताच, सकाळी? हाव, हाव… काय? पाखरू? … खाली डोकं करून खोड उतरते? … नाही रे, सुतारपक्षी तसा उतरत नाही. … ते ठिपक्याचं बारकं पाखरू वेगळं, ते बुडापासून वरच चढते. थांब. रंग सांग. … वरून निळं, पोट विटकरी?"

ललितानं सूप खाली ठेवलं.

"चोचीत काय हाय? … अळी? अन् सिमेंटवर टोचून राह्यलं? … जगदेव, ऐक. माती जमिनीपासून वर गेली होती का? … फक्त ढोलीच्या तोंडाले? अरे, उधई जमिनीतून चढते! ते लिपणवालीचं लिपण होतं! चिखल आणून ढोलीचं दार बारीक करते ते पाखरू, बाबा दाखवत नव्हते का? … मादी आत असन. हा नर तिले चारा घेऊन आला. … हाव, कोंडली तू तिले! … बोलू नोको, चढ! सब्बल-पहार नाही, बोटानं काढ. ओलंच असन."

ललिता उठून उभी राहिली. गिरणीचा आवाजही तिले ऐकू येईना.

"निघालं? … पाखरू हालत नाही? … अरे देवा. बाजूले हो, हवा लागू दे. … थांब. … अजून थांब. … काय? बोल ना! … उडाली? माय वं. माय वं."

ती सुपाजवळ येऊन बसली.

"दोघंही फांदीवर? … चारते तिले? … आता उतर. बुडाशी पाणी टाक, थोडा चिखल कर. दार पुन्हा लिपा लागन ना तिले. … काहून नाही? … राख तिथंच हाय म्हणून?"

ललितानं फोन दुसऱ्या कानाले लावला. "मंग काय झालं? बाबाची माती तिच्या घराले लागन. … जगदेव? … बाबा गेले तवा नाही रडला तू. … रड आता. मी नाही ठेवत फोन."