नवा तवा

(जळकोटजवळचा तलाव. पाणीउपशाच्या विहिरीपर्यंत गेलेला अरुंद पूल. पौषातली संध्याकाळ. पुलावर दोन म्हातारे, पाण्यात दोन गळ.)

वाजिद : थांब, थांब. त्या पिशवीत काय हाय? आल्यापासून खणखण करून राहिलीय.

रामकिशन : काही नाही. म्हणजे... तवा आहे.

वाजिद : तवा?

रामकिशन : आणि छोटा स्टोव्ह. म्हटलं, आज इथंच तळू. पुलावर.

वाजिद : अरे वा रे! शाळेची लायब्ररी सांभाळून रिटायर झाला, आन् आता खानसामा! तेल कुठंय?

रामकिशन : या बाटलीत.

वाजिद : ही खोकल्याच्या औषधाची हाय.

रामकिशन : धुतली आहे. दोनदा.

वाजिद : म्हंजे मासा बी खाऊ, खोकला बी जाईल. मीठ?

रामकिशन : मीठ... राहिलं वाटतं.

वाजिद : राहू दे लेका. ह्या वाऱ्यात स्टोव्ह पेटतोय व्हय? फरीदानं मसाला वाटून ठेवलाय. नेहमीसारखं आमच्याकडंच जाऊ. पण काय रे, धुरपतावहिनीनं तवा दिलाच कसा? त्यांच्या गळ्यात माळ. तुमच्या घरात माशाचं नाव बी काढता येत न्हाई.

रामकिशन : घरातला नाही. नवा घेतला.

वाजिद : एका संध्याकाळसाठी नवा तवा?

रामकिशन : एका संध्याकाळसाठी नाही, वाजिद.

वाजिद : म्हंजे?

रामकिशन : तुझा गळ ओढ. लागलंय काहीतरी.

वाजिद : ...हाव की. मरळ! थंडीची तोंड उघडत न्हाई ही, आज लागली बघ. बादली सरकव. हां. आता बोल. माझ्याकडं बघून बोल.

रामकिशन : मागच्या वेळी तुझ्या ओसरीवर जेवत होतो. कुणीतरी फोटो काढला. गावाच्या ग्रुपवर टाकला.

वाजिद : मग? जेवतच होतास ना? चोरी थोडीच करून राहिला होतास.

रामकिशन : खाली लोकांनी लिहिलं.

वाजिद : काय लिहिलं?

रामकिशन : ते माझ्या तोंडून निघणार नाही.

वाजिद : मला?

रामकिशन : तुला नाही.

वाजिद : ...फरीदाला?

रामकिशन : हो.

वाजिद : आन् तुझा बबलू? तो बी हाय ना त्या ग्रुपात?

रामकिशन : आहे.

वाजिद : त्यानं काय लिहिलं?

रामकिशन : काही नाही.

वाजिद : आन् तू?

रामकिशन : मी लिहीत बसलो होतो. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. प्रत्येक वाक्य मला खोटं वाटत होतं. शेवटी फोन उशाखाली ठेवला.

वाजिद : आयुष्यभर पुस्तकं वाचलीस तू, यार.

रामकिशन : तेच म्हणतो मी पण. कशाला वाचली?

वाजिद : बबलूच्या लग्नाचा कोट मी शिवलाय. त्याचं माप अजून दुकानात लिहिलेलं हाय. पण बदललं असंल आता.

रामकिशन : तो भांडला नाही रे माझ्याशी. भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, तिकडं जेवून आलात तर तनुजा तुमच्या ताटात जेवणार नाही.

वाजिद : त्या पोरीला काय कळतंय?

रामकिशन : काल तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही तिकडं जाणार का?" मला हो म्हणता आलं नाही, नाही म्हणता आलं नाही. ती आपलं ताट उचलून आईजवळ जाऊन बसली.

वाजिद : म्हणून हा तवा?

रामकिशन : हो. मला दुसरं काही सुचलं नाही. इथं कोण बघतंय? गळ टाकू, तळू, खाऊ.

वाजिद : अंधारात? चोरासारखं?

रामकिशन : तुझ्यासोबत.

वाजिद : न्हाई. ओसरीवर तुला सगळ्यांच्या समोर वाढलंय. इथं लपून मला घास गिळायचा न्हाई.

रामकिशन : मग काय करू? तू सांग.

वाजिद : मी काय सांगू? नात तुझी हाय. जा तिच्याकडं.

रामकिशन : भाभींना काय सांगशील?

वाजिद : खरं सांगू? लोकांनी तिला काय लिहिलंय ते सांगू?

रामकिशन : नको. नको. मासा लागला नाही म्हण.

वाजिद : मग सोड तिला. पाण्यात सोड. निदान बादली तरी रिकामी राहील.

रामकिशन : ...गेली.

वाजिद : मरळ चिवट असती. जगंल. चूप, फोन आला. फरीदाचाच हाय. हां, बोल.

फरीदा (फोनवर) : अजून किती वेळ? तेल तापवू का? रामकिशनभाऊंसाठी ओवा भाजून ठेवलाय, घरी जाताना तोंडाला वास नको.

वाजिद : आज काय लागलं न्हाई.

फरीदा : एक बी न्हाई?

वाजिद : न्हाई.

फरीदा : मग काय झालं? मासा न्हाई तर जेवायचं न्हाई का? खिचडी टाकते. त्यांना घेऊनच या. मागच्या खेपेला भाऊ नीट जेवले न्हाईत. माझं काही चुकलं का, विचारा जरा.

वाजिद : बरं. ठेव.

रामकिशन : काय म्हणाल्या भाभी?

वाजिद : गार लई सुटलंय म्हणाली. कान बांधून जा.