दांडीपाशी उभा माणूस

कडूबा: पुन्हा थांबली घोडी! आता काय म्हणावं ह्याला, पायल? चौथ्यांदा! दांडीपोहोत आली, नाकानं हुंगलं न् उभी राह्यली. तू वर बसून काय करून राह्यली? जप करून राह्यली का?

पायल: टाच मारली ना मामा मी.

कडूबा: टाच मारली म्हणे! मारली असती तर गेली असती. ऐंशीवर कशी जाते? सकाळपासून नव्वदवर सहा बार गेली, एकदाबी न्हाई थांबली. दांडी मीटरवर ठेवली की तुझं अंग लाकूड व्हतं. मला हितून दिसतं.

पायल: दहा सेंटिमीटर जास्त आहे पण.

कडूबा: दहा सेंटिमीटर म्हंजे किती? हे बघ, पाच बोटं. पाच बोटांसाठी तू रविवार घालवणार?

पायल: तुम्ही खालून बघता म्हणून पाच बोटं. वर बसून बघा एकदा.

कडूबा: माझं वय हाय का आता उड्या मारायचं?

दुर्गाबाई: भांडून झालं असंल तर भाकर खाऊन घ्या. दोन वाजले. तीन दिस झाले, ह्या बांधावर बसून मी एकच तमाशा बघून राह्यले. सोयाबीन काढून वावर मोकळं झालं तर मला वाटलं, आता जरा इसावा. कशाचा इसावा!

कडूबा: तू मधी बोलू नको. परवा रविवार हाय, ठाऊक हाय ना? शहरात घोड्यावरच्या उड्यांच्या संघाची निवड हाय. तिथं कोणी इचारणार न्हाई का पोरी तुला ऐंशी पाहिजे का नव्वद. समद्या दांड्या मीटरवर. अन् सोमवारी साहेबराव येणार घोडी न्यायला.

पायल: माहीत आहे मला.

कडूबा: काय माहीत हाय? सख्ख्या भावाला, साहेबरावला शब्द दिला म्या. पोरगी संघात आली तर ही चांदणी घोडी पोरीची. न्हाई आली तर सोमवारीच चांदणी वडीगोद्रीला, साहेबरावच्या वरातीच्या धंद्यात; तुळशीचं लगन झालं की वराती सुरू. मंग आयुष्यभर बँडच्या म्होरं नाचत बसंल ती.

पायल: दर तासाला सांगता तुम्ही हे! तुम्ही सांगितलं की मला जास्तच कसंतरी होतं. राजानंद सर असं कधी बोलत नाहीत. ते म्हणतात, दांडीकडं बघूच नको, दांडीच्या पलीकडं बघ.

कडूबा: तुझे सर तिकडं शहरात बसून फोनवर उड्या शिकवतात. दांडी हितं मी उचलून राह्यलो. चल, फिरव तिला. त्या जांभळीपासून घे. लांबून, एका चालीत. अन् पाय बराबर लाव.

दुर्गाबाई: अन् तुम्ही?

कडूबा: मी काय?

दुर्गाबाई: तुम्ही कुठं उभे राह्यता?

कडूबा: हे काय, खांबापाशी. दांडी पडली तर लावायची कोणी, तू येतीस का? पायल, निघ आता! हां... चाल बराबर हाय... पाय! पाय लाव! अगं... अगं... थांबली! पुन्हा थांबली! बिलकुल डोकं फिरायची पाळी आली माझी!

दुर्गाबाई: तुम्हीच थांबवली तिला.

कडूबा: काय?

दुर्गाबाई: घोडी. तुम्ही थांबवली. हात वर गेला तुमचा.

कडूबा: कोणता हात?

दुर्गाबाई: उजवा. खांद्यावरच्या रुमालासगट. पोरगी खांबापासून दहा पावलावर आली की जातो वर. सकाळपासून पाचही बार गेला. म्या मोजलं. नव्वदवर व्हती तव्हा एकदाबी न्हाई गेला, तव्हा तर तुम्ही बिडी वढत व्हते.

कडूबा: काहीबी बोलू नको. मी हात काहून वर करू?

दुर्गाबाई: ते तुम्हालाच ठाऊक. पण सहा वर्षं ह्या घोडीला शिकवलं काय तुम्ही? वरात निघाली का म्होरं तुम्ही, मागं घोडी. नाली आली, हात वर. खाली लोंबती तार आली, हात वर. फटाके लागले, हात वर. घोडी जागच्या जागी खुंट्यावानी उभी. आमच्या घोडीवरून एकबी नवरदेव पडला न्हाई म्हणून केदारखेड्यापासून राजूरपोहोत सांगत फिरले तुम्ही.

कडूबा: ते वरातीतलं झालं.

दुर्गाबाई: तिला काय कळतं, हे वावर हाय का मांडव? तिचा मालक म्होरं हाय, त्यानं हात वर केला, ती थांबली. लई गुणाची हाय ती. तुम्ही दोघं मिळून तिला येड्यात काढून राह्यले.

कडूबा: ...पायल, खरं हाय का हे? हात वर जातो माझा?

पायल: मला काय माहीत. मी घोडीकडं बघते.

कडूबा: आत्ता बघू मंग. हा मी फिरलो. तोंड रस्त्याकडं, हात मागं बांधले. आता कोण थांबवतं ते बघू. जा, घे जांभळीपासून. दुर्गे, तू सांग मला. निघाली का?

दुर्गाबाई: निघाली.

कडूबा: चाल कशी हाय?

दुर्गाबाई: मला काय कळतं चालीतलं? येऊन राह्यली. चांगली येऊन राह्यली. घोडीनं कान टवकारले... आता जाते बघा... अगं बाई.

कडूबा: काय झालं? थांबली ना? म्हणलं न्हाई म्या! माझा हात तर हितं मागं हाय!

दुर्गाबाई: थांबली न्हाई. वळली.

कडूबा: वळली म्हंजे?

दुर्गाबाई: पोरीनं लगाम वढला. घोडी जात व्हती, पोरीनंच तिला बाजूनं काढली.

कडूबा: पायल! इकडं ये. उतरू नको, वर बसूनच सांग. काय व्हतं हे?

पायल: मामा, रागवू नका.

कडूबा: मी काय रागवणार? माझं रागवून झालं. आता मी नुसता बघून राह्यलो.

पायल: मला माहीत होतं.

कडूबा: काय माहीत व्हतं?

पायल: तुमच्या हाताचं. परवाच दिसला मला. एकदा दिसला, मग दर वेळेला दिसायला लागला.

कडूबा: परवापासून! अन् मी हितं घसा फोडून राह्यलो! घोडीला शिव्या घातल्या, तुला घातल्या. काल रात्री साहेबरावला फोन करून म्हणलं, बाबा, घोडी म्हातारी झाली वाटतं. अन् तुला परवापासून ठाऊक! बोलली काहून न्हाई?

पायल: कारण मला बरं वाटायचं.

कडूबा: काय?

पायल: तुमचा हात वर गेला की मला बरं वाटायचं मामा. जांभळीपासून निघाले की नुसती दांडीच दिसते. ती दांडी मोठी मोठी होत जाते. मग तुमचा हात दिसतो, चांदणी थांबते, अन् मला वाटतं, चला, ह्या बारीला वाचले. थांबली तर घोडी थांबली. मी भ्याले असं कोणी म्हणणार नाही. आत्ता तुमचा हात नव्हता, तर मीच वढला लगाम.

दुर्गाबाई: बघा. एकानं हात वर करायचा, दुसरीनं त्याच्याआड लपायचं. अन् शिव्या खायला मुकं जनावर.

कडूबा: तू गप ऱ्हा जरा.

दुर्गाबाई: गप काहून राहू? पोरीनं तिचं सांगितलं. तुम्ही सांगा तुमचं. हात काहून जातो वर?

कडूबा: मला ठाऊक हाय का? आपोआप जातो.

दुर्गाबाई: पोळ्याच्या आधी तर जात नव्हता.

पायल: मामा, मी पडले म्हणून?

कडूबा: तू पडली तव्हा मी गोठ्यात व्हतो. पोळ्याला आठ दिस ऱ्हायल्ते. तुला म्हणलं, मी आल्याबिगर मीटर करू नको. तू केलं. मला आवाज आला नुसता. धपकन. अन् मंग काहीच आवाज न्हाई. गोठ्यापासून हितपोहोत पळत आलो, तेवढ्यात काय काय आलं मनात, कोणाला सांगितलं न्हाई म्या.

पायल: खांद्याचं हाड तर मोडलं होतं फक्त.

कडूबा: फक्त म्हणे! तुझ्या आईला फोन म्याच केला. माझी बहीण कधी मला उलटून बोलली न्हाई. तव्हाबी न्हाई बोलली. एवढंच म्हणली, दादा, तू तिथंच व्हता ना? अन् मी व्हय म्हणलो. खोटं बोललो. तव्हापासून तू मीटरवर निघाली की तोच आवाज ऐकू येतो मला. मला भेव वाटतं पोरी. तुला शिव्या घालतो न् मलाच भेव वाटतं.

पायल: मला वाटलं, तुम्हाला माझा राग येतो.

कडूबा: राग तर येतोच. आत्ताबी लई येऊन राह्यला.

दुर्गाबाई: मंग आता काय? सोमवारी द्यायची का घोडी?

पायल: नाही.

कडूबा: न्हाई म्हणून व्हत न्हाई. रविवारी काय करशील?

पायल: तेच सांगते. रविवारी तिथं कडेनं पन्नास माणसं असतील. कोणी टोपी हलवंल, कोणी पोराला हाक मारंल. कोणाकोणाचे हात बांधणार आपण? चांदणीनं हाताचं नाही, माझ्या पायाचं ऐकलं पाहिजे. तुम्ही पाठ फिरवू नका. इथंच उभे ऱ्हा, खांबापाशी.

कडूबा: अन् हात वर गेला तर?

पायल: जाऊ द्या.

कडूबा: घोडी थांबली अन् तू म्होरं फेकली गेली तर?

पायल: ती थांबायला लागली की मला मांडीखाली कळतं. तेव्हाच पाय लावायचा असतो, तेव्हाच मी ढिला सोडते. ह्या बारीला सोडणार नाही. अन् पडले तर तुम्ही आहात ना इथंच.

दुर्गाबाई: ते तुझे सर काय म्हणतात, पलीकडं बघायचं ना?

पायल: हो.

दुर्गाबाई: मंग मी दांडीच्या पलीकडं, वावराच्या कडंला त्या धुऱ्यावर जाऊन बसते, भाकरीचं फडकं घेऊन. माझ्याकडं बघ. दांडी गेली खड्ड्यात.

पायल: बघते मामी. सरळ बघते.

कडूबा: पायल, थांब. खोगिराचा पट्टा बघू दे. हां, आवळलेला हाय. रिकिबीत पाय? बराबर. आज न्हाई झालं तर सकाळी करू. उद्या शनवार हाय, अख्खा दिस हाय.

पायल: मामा.

कडूबा: काय?

पायल: सरका बाजूला. मला आत्ता जायचंय. थोडा वेळ थांबले तर नाही जाणार मी.

कडूबा: जा. जा बाई... जांभळीपाशी गेली. वळवली. दुर्गे, बसली का तू? ...आली. चाल बराबर हाय. मोकळी हाय. माझ्याकडं बघू नको, म्होरं बघ... पाय... पाय लाव पोरी, पाय... अगं सांभाळ...

(टापांचा आवाज क्षणभर तुटतो आणि दांडीच्या पलीकडं पुन्हा सुरू होतो.)

पायल: मामी! दांडी पडली का?

दुर्गाबाई: जागची हलली बी न्हाई!

पायल: मामा, ती थांबत होती! मला मांडीखाली कळलं! मी तरी पाय लावला! मामा, बघितलं ना तुम्ही?

दुर्गाबाई: आवं, आली ती पार. घ्या आता तो हात खाली.