डावीकडच्यांना सोडायचं होतं

भाओजी : ह्या? ह्या एवढ्याशा? मला वाटलं होतं, दात तरी असतील.

मेहुणी : पेशी आहेत, भाओजी. मायक्रोस्कोप हलवू नका.

भाओजी : तुझ्या ताईला ह्यांनीच खाल्लं?

मेहुणी : ह्यांच्या आज्या-पणज्यांनी. गर्भाशयाच्या तोंडावरची तिची कॅन्सरची गाठ काढली ना, त्यातला तुकडा तिनेच आमच्या प्रयोगशाळेला दिला. तेव्हापासून वाढवतेय, थोड्या गोठवूनही ठेवतेय.

भाओजी : वाढवतेयस. वा. उभा जन्म मी झुरळं-ढेकूण मारले, एकाला पाळलं नाही. एका गोदामातले ढेकूण तर माझा पंप बघून रांगेने चालते झाले. जाताना वॉचमनला सलाम ठोकून.

मेहुणी : इथे पंप चालत नाही. एचपीव्ही विषाणू पेशीत घुसतो आणि तिचा पहारेकरी मारतो. मग ती मरायचं नावच घेत नाही. ह्या बाटलीतलं औषध विषाणूचे हात बांधतं. नवा पहारेकरी उभा राहिला की पेशी आपणहून मरते.

भाओजी : आपणहून? मग मी कशाला आलो? झुरळालासुद्धा मी आधी तोंड दाखवतो, मग फवारतो.

मेहुणी : थेंब तुम्हीच टाका, म्हणून तर सुट्टीचं बोलावलं. ताटलीतले उजवीकडचे खळगे तुमचे. डावीकडच्यांत औषध टाकायचं नाही. मी हातमोजे घेऊन आलेच.

(ती शेजारच्या खोलीत जाऊन परत येते.)

मेहुणी : बाटली रिकामी कशी?

भाओजी : डावीकडच्या हसत होत्या.

मेहुणी : सगळ्यांवर टाकलंत?

भाओजी : आणि उरलं ते जास्त माजलेल्यांवर.

मेहुणी : अहो, डावीकडच्या जगल्या तरच म्हणता येतं ना, की उजवीकडच्या औषधाने मेल्या. नाहीतर कुणीही म्हणेल, गारठून मेल्या, उपाशी मेल्या.

भाओजी : मरतील ना पण?

मेहुणी : ताटलीतल्या. त्या कुणाच्या जिवावर उठल्या होत्या? बायकांच्या पोटात आहेत त्या मजेत आहेत. हे जमलं असतं तर पुढे उंदरांवर चाचणी होती. आता औषध पुन्हा बनवायला दोन-तीन महिने. तेवढे तुम्ही त्या विषाणूला आंदण दिलेत.

भाओजी : मी? त्याला?

मेहुणी : सांगा ना, ढेकणांची गोष्ट सांगा.

भाओजी : तुझ्या ताईने पंप माझ्या डोक्यात घातला असता.

मेहुणी : नसता घातला. तिनेही डावीकडे टाकलंच असतं.

भाओजी : पुढच्या वेळी डावीकडे बघणारसुद्धा नाही मी.

मेहुणी : नुसतं न बघून भागत नाही. त्यांना उबेत ठेवायचं, दिवसाआड ताजं खाणं द्यायचं. गुबगुबीत दिसल्या पाहिजेत.

भाओजी : लाडाने?

मेहुणी : लाडाने.

भाओजी : गोठवून ठेवलेल्या आहेत अजून?

मेहुणी : पुष्कळ.

भाओजी : काढ मग. दाखव मला, कसं भरवतात.